बी.एड. सोडायला लावू नका

प्रश्न : माझी मुलगी यवतमाळ जिल्ह्यात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेथड (शिकवायचा विषय) मराठी. सराव पाठांची टाचणं, म्हणजे तासाचं लेखी नियोजन, ती चॅटजीपीटीवरून काढते, हे तिचा मोबाइल पाहिल्यावर कळलं. मशीनच टाचण काढत असेल तर उद्या शिक्षक हवेत कशाला? बी.एड. सोडून डेटा सायन्स कर, पुण्यातल्या माझ्या पुतण्याचं पॅकेज बघ, असं मी तिला सांगितलंय. त्या कोर्सच्या फीचा पहिला हप्ता याच आठवड्यात भरायचा आहे. ती बोलतच नाही.
– एक पालक

उत्तर : टाचणापेक्षा तुमचं शेवटचं वाक्य मला जास्त खटकलं. तुम्ही पदवीधर मुलीचा मोबाइल तिला न विचारता पाहिलात, त्यावरून तिचा कोर्स ठरवलात आणि फीची तारीखही पक्की केलीत. आता तिनं बोलायचं तरी काय? पुण्यातल्या पुतण्याच्या पॅकेजबद्दल तुम्ही लिहिलंय. मुलीला शिकवायला आवडतं का, तिचा पाठ कसा होतो, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. तुमची काळजी खरी आहे, पण तिचा सगळा भार तुम्ही मुलीवर टाकलाय.

आता मशीनचं. टाचण म्हणजे तास, हा तुमचा समज चुकीचा आहे. उद्दिष्टं, पूर्वज्ञान, प्रस्तावना, फलकलेखन, मूल्यमापन असे रकाने चॅटजीपीटी मिनिटभरात भरून देतं. पण समोर कोण बसलंय, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. केळापूर तालुक्यात अनेक मुलांच्या घरी कोलामी बोलतात. कोलामीत लिंगं दोनच : एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका, जनावरं, वस्तू सगळं. त्या मुलांना मराठीतलं तो-ती-ते अवघड जाणारच. ‘ती टेबल’ म्हणणाऱ्या मुलाची चूक निष्काळजीपणाची नाही, हे ओळखून जी बाई तासाची मांडणी बदलते, ती शिक्षिका. तयार टाचणात ‘मुलांना लिंग ओळखता येते’ असं पूर्वज्ञान छापून आलेलं असतं आणि पाठ तिथेच कोसळतो.

म्हणून तिनं टाचण जसंच्या तसं उतरवलं असेल, तर ते मला अजिबात मान्य नाही. ज्या वयात हे कौशल्य अंगात मुरायला हवं, त्याच वयात ती ते गमावेल. आधी तिनं स्वतः लिहावं : मुलांना काय येतं, कुठे अडतील, तास संपताना त्यांना काय जमायला हवं. मग मशीनकडून सरावासाठी वीस वाक्यं मागावीत, सोपा उतारा मागावा, ‘माझ्या टाचणात मुलं कुठे गोंधळतील?’ असंही विचारावं. आलेलं सगळं तपासावं, कारण मराठीच्या लिंग-वचनात या मशीनच्याही चुका होतात. मुलांची नावं आणि गुणपत्रकं त्यात कधीही टाकू नयेत. आणि मदत कुठे घेतली, हे मेथडच्या मॅडमना उघड सांगावं.

टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल हा शिक्षक भरतीचा रस्ता तिला ठाऊक असेलच. भरती रखडते, हे खरं आहे आणि त्याचा विचार जरूर करा. पण ते कारण वेगळं. त्यावर मशीनचं लेबल लावू नका.

या आठवड्यात हप्ता भरू नका. तिची आंतरवासिता, म्हणजे शाळेतला प्रत्यक्ष सराव, पूर्ण होऊ द्या. मोबाइल पाहिल्याबद्दल तिची माफी मागा आणि तिच्या पुढच्या पाठाचं टाचण तिच्याच तोंडून ऐका. त्यानंतरही डेटा सायन्सचा विचार तिच्या मनात असेल, तर पुढचं पत्र तिला लिहू द्या.