पहिल्यांदाच फ्रान्सला जाताय? पॅरिसमधले दोन दिवस लिओंला द्या

पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने जेमतेम दोन तासांत लिओं येतं. तिकीट लवकर काढा, ऐनवेळी फार महाग पडतं.

जुन्या लिओंत ‘त्राबूल’ म्हणजे घरांच्या पोटातून जाणाऱ्या बोळवाटा बघाच. र्यू सँ-झाँ या रस्त्यावरच्या ५४ नंबरचं दार ढकला. अंधारा बोळ, मधे चौक, डोक्यावर जिने, आणि बाहेर निघाल ते थेट र्यू द्यु बफवर. आत लोक राहतात, तेव्हा आवाज हळू. क्र्वा-रूस ही विणकरांची टेकडी. रेशमाचे गठ्ठे इथूनच खाली उतरत. येवल्याची पैठणी पाहिलेल्याला इथले नक्षी विणणारे जॅकार्ड माग परके वाटणार नाहीत.

आता जेवण. ‘बुशों’ नावाच्या खाणावळीत दुपारी बारा ते दोनमध्येच पोचा. तीनला गेलात तर उपाशी. (मी राहिलोय, बिस्किटांवर.) पदार्थ बहुतेक डुकराचे, आतड्यांचे. शाकाहारी असाल तर ‘सेर्वेल द कानू’ मागा. नावाचा अर्थ ‘विणकराचा मेंदू’, पण घाबरू नका: चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात लसूण आणि बारीक चिरलेली पात. पावाशी झकास लागतं.

फुर्व्हिएर टेकडीवरचं रोमन नाट्यगृह संध्याकाळी बघा. चढ दमवतो, फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने वर ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने जा.