इकॉलॉजी-उत्क्रांतीत पीएचडी करायची तर विद्यापीठाच्या सुविधा कशा पारखायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन विद्यापीठांकडून होकार आलाय, एकाकडे नवंकोरं सिक्वेन्सिंग मशीन (डीएनएचा क्रम वाचणारं) आहे, दुसऱ्याकडे जुनाट फील्ड स्टेशन (रानातलं संशोधन केंद्र) आणि धूळ खाणारा हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह), तर जावं कुठे?

मी याच विषयात पीएचडी केली आणि नंतर दोन वर्षं एका संग्रहालयात नमुने सांभाळले. माझं मत सरळ आहे. जे पैसे टाकून उद्या आणता येतं त्याला फार भाव देऊ नका. जे जमायला तीस-चाळीस वर्षं लागतात ते आधी बघा. सिक्वेन्सिंग बाहेरून करून मिळतं. डीएनए काढायचा, ट्यूब नीट पॅक करून पाठवायच्या, काही आठवड्यांत फाईल हातात. माझ्या प्रबंधातला एकही नमुना आमच्या इमारतीत सिक्वेन्स झालेला नाही. फळमाश्यांचे वाण हवे असतील तर इंडियाना विद्यापीठाचं ब्लूमिंग्टनचं केंद्र पाठवतं, अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या रोपाचं बियाणं ओहायो स्टेटकडून येतं. जीबीआयएफ या जागतिक ऑनलाइन नोंदसंग्रहावर सजीवांच्या 200 कोटींहून जास्त नोंदी कुणालाही फुकट उघड्या आहेत. या सगळ्यासाठी विद्यापीठ निवडायची गरज नाही.

फील्ड स्टेशनचं तसं नाही. ऑक्सफर्डच्या वायथम जंगलात ग्रेट टिट पक्ष्यांच्या घरट्यांच्या नोंदी 1947 पासून चालू आहेत. पक्षी आता पूर्वीपेक्षा लवकर अंडी घालतात हे तिथे ठामपणे सांगता येतं, कारण जुन्या वर्षांचे आकडे हाताशी आहेत. कितीही मोठं अनुदान मिळालं तरी 1947 सालची घरटी आज मोजता येणार नाहीत. मिशिगन स्टेट विद्यापीठात वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी 1879 साली तणांच्या बिया भरलेल्या 20 बाटल्या जमिनीत पुरल्या. त्यातली एक 2021 साली उकरली, तीही रात्री, म्हणजे उजेड लागून बिया आधीच जाग्या व्हायला नकोत. त्यातल्या काही बिया उगवल्या! पुढची बाटली 2040 मध्ये निघेल. त्यामुळे स्टेशन ‘जुनाट’ आहे म्हणून नाक मुरडू नका. विचारायचं ते इतकंच: नोंदी सलग आहेत का, की मधली आठ वर्षं गायब आहेत? आणि त्या नोंदी नव्या विद्यार्थ्याला वापरू देतात की एखाद्या प्राध्यापकाच्या कपाटात कुलूपबंद असतात?

हर्बेरियमबद्दल माझा थोडा पक्षपात आहे, तो धरूनच वाचा. कपाट उघडलं की आधी कीटकनाशक गोळ्यांचा वास येतो, मग चिकटवलेली फांदी आणि कोपऱ्यात पिवळी पडलेली चिठ्ठी: जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि नशीब असेल तर ‘ओढ्याकाठी, फुलं पांढरी’ अशी एखादी ओळ. नमुन्याची खरी किंमत त्या चिठ्ठीत असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कलीतलं कशेरुकी (पाठीचा कणा असलेल्या) प्राण्यांचं संग्रहालय 1908 साली सुरू झालं. त्याचे पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल कातडी जमवण्याइतकेच वह्यांबद्दल काटेकोर होते: किती सापळे लावले, किती रात्री, काय मिळालं. म्हणूनच जवळजवळ शतकानंतर कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या डोंगरांत पुन्हा सापळे लावल्यावर लहान सस्तन प्राण्यांच्या 28 जातींपैकी निम्म्यांच्या वावराची हद्द सरासरी 500 मीटरच्या आसपास उंचावर सरकलेली दिसली. नुसत्या कातड्यांवरून हे कळलं नसतं. एखादा प्राणी तेव्हा तिथे खरंच नव्हता की कुणी पुरेसं शोधलंच नव्हतं, हा फरक वह्यांमुळे करता आला.

संग्रह बघायला गेलात तर नमुने कशात ठेवलेत ते विचारा. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातून डीएनए काढताना जीव मेटाकुटीला येतो. अल्कोहोलमधला किंवा गोठवलेला असेल तर काम सोपं.

उत्क्रांतीच्या प्रयोगांत तर फ्रीझर हीच सुविधा. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी 1988 साली ई. कोलाय जिवाणूंच्या 12 वसाहती सुरू केल्या आणि दर 500 पिढ्यांनी नमुना गोठवत गेले. एका वसाहतीला 31,500 पिढ्यांच्या सुमारास ऑक्सिजन असतानाही सायट्रेट खाणं जमू लागलं, जे ई. कोलायला एरवी जमत नाही. तेव्हा जुने गोठवलेले पूर्वज जागे करून ‘हे पुन्हा घडतं का’ ते तपासता आलं. म्हणून उणे 80 अंशांच्या फ्रीझरचा अलार्म रात्री दोनला वाजला तर फोन कुणाच्या घरी जातो, हे मी हमखास विचारतो. ‘बघावं लागेल’ असं उत्तर आलं तर समजून जा.

ग्रोथ चेंबरबाबत (ठरावीक तापमानात रोपं वाढवायची बंद कपाटं) मी स्वतः पोळलोय. आमच्याकडे दोन चेंबर होते, अगदी चकचकीत. एक गरम ठेवला, एक थंड, प्रत्येकात 60 कुंड्या. मला वाटलं, नमुने 60. परीक्षकांनी विचारलं, ‘फरक तापमानाचा की चेंबरचा?’ उत्तर नव्हतं. प्रत्येक तापमानाला चेंबर एकच, म्हणजे खऱ्या अर्थाने नमुनाही एकच. वर कंट्रोलरवर 24 अंश दिसत असताना कुंडीच्या पातळीला माझा तापमान नोंदवणारा लॉगर 27 दाखवत होता, कारण सेन्सर वर पंख्याजवळ आणि दिवे भलतेच तापणारे. सात महिने गेले. तेव्हापासून चेंबर किती भारी आहेत यापेक्षा किती आहेत आणि रांग किती लांब आहे, तेच मी बघतो. साधे आठ चेंबर भारी दोनांपेक्षा कधीही बरे.

बाकी कॉम्प्युटिंग क्लस्टर, मायक्रोस्कोप वगैरे बहुतेक ठिकाणी ठीकठाक असतं. यादीत कधीच नसतात ती माणसं मात्र शोधा: नमुने गोळा करण्याचे परवाने मार्गी लावणारी व्यक्ती, ग्रीनहाऊसमध्ये मावा पडल्यावर धावणारा तंत्रज्ञ, प्रयोग सुरू करण्याआधी आराखडा बघून देणारा संख्याशास्त्रज्ञ. मला हा शेवटचा भेटला असता तर ते सात महिने वाचले असते.

तुमच्या दोन पर्यायांत मी फील्ड स्टेशनकडे झुकेन, नोंदी सलग असतील तरच. पण विभागप्रमुखांना विचारू नका. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला मेल करा आणि स्टेशनची गाडी शेवटची कधी बंद पडली होती नि ती दुरुस्त व्हायला किती दिवस लागले, एवढंच विचारा.