घरी बनवलेल्या फ्लो बेंचला किती व्हॅक्यूम मोटर लागतात, आणि त्या घरच्या प्लगवर चालतील का?

म्हणजे तुम्ही बाईकची आणि छोट्या कारची हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह आणि हवेच्या वाटा, म्हणजे पोर्ट, असलेला वरचा भाग) तपासायला घरीच फ्लो बेंच, म्हणजे पोर्टमधून किती हवा जाते ते मोजायचं यंत्र, बांधताय, जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या १२०० वॅटच्या दोन मोटर पडून आहेत, त्या पुरतील का की एखादा मोठा ब्लोअर घ्यावा, आणि लाइन हे सगळं ओढेल का. माझा बेंच प्लायवूडचा आहे, तीन मोटरवर चालतो, आणि त्याच्या आधीच्या बेंचच्या मोटर मी जाळून बसलोय, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो.

मोटर किती हे आधी ठरवूच नका. आधी ठरवा की किती डिप्रेशनला (मोटरने ओढून पाडलेला दाब, पाण्याच्या इंचात) किती सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) मोजायचाय. सगळे २८ इंच पाणी २८ इंच पाणी करतात म्हणून आपणही तेच धरतो, पण त्याची किंमत पॉवरमध्ये मोजावी लागते. फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे १० इंचावरून २८ वर गेलात तर त्याच पोर्टमधून हवा साधारण १.६७ पट जाते, प्रेशर २.८ पट, दोन्हीचा गुणाकार केला की पॉवर ४.७ पट. १० इंचाला एका मोटरमध्ये जे आरामात होतं त्याला २८ ला दोन-तीन लागतात ते ह्याच्यामुळे.

आता तुमच्या हेडला किती लागेल? ढोबळ हिशोब असा की २८ इंचाला एका सिलेंडरचा जो सीएफएम येतो त्याला ०.२६ ने गुणलं की त्या सिलेंडरची जास्तीत जास्त हॉर्सपॉवर. उलटं केलं तर १५ हॉर्सपॉवरच्या सिंगल सिलेंडर बाईकला ५८ च्या आसपास, आणि चार सिलेंडरच्या ८५ हॉर्सपॉवरच्या कारला एका सिलेंडरला ८२. पोर्ट घासून वाढवणार म्हणजे वर थोडी जागा ठेवायची, तर २८ इंचाला १०० सीएफएम धरा. हाच पोर्ट १० इंचाला फक्त ६० देईल.

माझ्याकडच्या मोटरी साधारण तुमच्यासारख्याच आहेत, तोंड उघडं ठेवलं तर एक मोटर १०० सीएफएमच्या आसपास ओढते आणि तोंड बंद केलं तर ८० इंचाच्या आसपास, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कधीच मिळत नाहीत, इथेच बहुतेक जण फसतात. वर ओरिफिस प्लेटवर (ठराविक भोकाची प्लेट, तिच्या दोन बाजूंच्या दाबाच्या फरकावरून हवा मोजतात) पण ५-६ इंच जातात ते मोटरलाच भरून काढावे लागतात. म्हणजे मोटरला प्रत्यक्षात ३४ इंच ओढायचेत, तिथे एका मोटरकडून मला ५५ च्या आसपासच मिळतात. दोन मोटर म्हणजे ११०, काठावर. तुमच्या दोन मोटर १० इंचाला निवांत पुरतील, २८ ला पुरतील पण मार्जिन नाही, तिसरी मिळाली तर घ्या. खरं सांगू, आधी-नंतरची तुलनाच करायची असेल तर १० इंचाला सुरुवात करा. एवढंच की काही पोर्टमध्ये शॉर्ट साइडवरून (वळणाच्या आतल्या बाजूवरून) हवा सुटते ती कमी डिप्रेशनला कळत नाही आणि २८ ला पोर्ट एकदम फुरफुरायला लागतो, तेवढ्यासाठी जास्तीची पॉवर कामाला येते.

मोटर पॅरलल जोडायच्या (सिरीजमध्ये जोडल्या तर प्रेशर वाढतं, फ्लो नाही). आणि बंद असलेल्या मोटरचं तोंड बंद झालंच पाहिजे, नाहीतर चालू मोटर बंद मोटरमधूनच उलटी हवा ओढते, ती उलटी फिरायला लागते, आणि तशा फिरणाऱ्या मोटरचा स्विच दाबला की करंटचा झटका बसतो. मी प्रत्येक तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा एका बाजूने स्क्रूने धरलाय, मोटर चालू झाली की उचलतो, बंद झाली की फटकन चिकटतो. तीन वर्षं झाली, तोच तुकडा.

मोटर घेताना कूलिंगची हवा वेगळ्या पंख्याने मिळते ती बायपासवाली बघा. साध्या मोटरमध्ये ओढलेलीच हवा वाइंडिंगवरून जाते, आणि बेंचवर कमी लिफ्टला व्हॉल्व्ह जेमतेम उघडा असताना तेवढी हवाच जात नाही. माझ्या पहिल्या दोन अशाच गेल्या, आवाज चढत जाऊन मग वास, आणि मला वाटलं फ्लो कमी तर लोड कमी. लोड कमी झालाच होता, पण थंड करणारी हवापण गेली होती.

लाइनचं म्हणाल तर २३० व्होल्टवर १२०० वॅटची एक मोटर सव्वापाच अँपिअर घेते, दोनला साडेदहा, तीनला पावणेसोळा. म्हणजे दोन मोटर १६ अँपिअरच्या एका चांगल्या सॉकेटवर चालतील, तिसरीला दुसऱ्या सर्किटवर घ्या. प्रत्येकीला वेगळा स्विच, एकेक करून चालू करा, अर्थिंग पक्कं, आणि लांब गुंडाळलेलं एक्सटेन्शन अजिबात नको. मी एकदा तीन मोटर एका बोर्डवर लावल्या होत्या, एमसीबी पडला नाही, प्लगची पिन मात्र भोकात मऊ होऊन बसली, पकडीने ओढून काढावी लागली.

डिप्रेशन सेट करायला डिमर लावायचा मोह होतो. चालतं, पण ह्या मोटरचा स्पीड व्होल्टेजबरोबर हलतो, शेजारच्या खोलीत फ्रिज चालू झाला की मॅनोमीटर (दाब दाखवणारी पाण्याची नळी) इंचभर सरकतो. मी मोटर फुल्ल चालवतो आणि ब्लीड व्हॉल्व्हने बाहेरची हवा आत सोडतो. तो ओरिफिस आणि मोटर यांच्या मधल्या चेंबरला लावा. ओरिफिसच्या अलीकडे, हेडच्या बाजूला लावलात तर ब्लीडची हवापण तुमच्या पोर्टच्या खात्यात जाते आणि हेड फार भारी दिसतं. सुरू करताना ब्लीड पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर मॅनोमीटरचं पाणी सरळ बेंचच्या आत.

एक्झॉस्ट पोर्टला हवा उलटी ढकलायची तर ती मोटरमधून तापून येते. १०० सीएफएमच्या हवेत दीड किलोवॅट उष्णता मिसळली की तापमान २५ डिग्रीच्या वर चढतं, आणि ते धरलं नाही तर आकडा चारेक टक्के चुकतो. ओरिफिसजवळ थर्मामीटर ठेवा.

मोठा ब्लोअर? सेंट्रिफ्युगल ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावला तर मस्तच, आवाजही कमी, पण आधी त्याचा प्रेशरचा ग्राफ बघा. भिंतीतला एक्झॉस्ट फॅन हजार सीएफएम सांगतो तो एक इंचाला पण टिकत नाही. कॉम्प्रेसर तर विसराच, गॅरेजचा छोटा कॉम्प्रेसर दहा-पंधरा सीएफएमचा.

आणि दोन गोष्टी राहिल्या. पेट्रोलने धुतलेलं हेड पूर्ण सुकल्याशिवाय बेंचवर ठेवू नका, मोटरच्या ब्रशवर ठिणग्या असतात आणि वाफ सरळ त्यांच्याकडेच जाते. आणि मोटरच्या आधी बारीक जाळी लावा, पोर्टच्या तोंडाला लावलेला क्लेचा गोळा माझा एकदा आत गेला, वीसेक हजार आरपीएमवर फिरणाऱ्या इम्पेलरला क्ले पण दगडच.

बेंच जोडून झाला की हेडच्या जागी सपाट प्लेट ठेवा आणि ओरिफिसचा मॅनोमीटर शून्यावर राहतो का बघा. माझा पहिल्या दिवशी ९ सीएफएम दाखवत होता, प्लायच्या एका कोपऱ्यातून.