गव्हावर मावा पडला, कोणता फवारा मारू?

भाऊ, आधी पोंगा (मधली गुंडाळलेली कोवळी पानं) अन् ओंबी नीट पाहा, नुसता पानावर चिकटा दिसला म्हणून लगेच पंप पाठीवर घेऊ नका. मावा वाढतो झपाट्यानं कारण मादीला नर लागतच नाही, ती डायरेक्ट पिल्लं देते अन् ती पिल्लं आठ-दहा दिवसात स्वतः पिल्लं द्यायला लागतात, त्यात चार दिवस आभाळ राहिलं आन् तुम्ही युरिया जास्त टाकला असला की झालंच. गर्दी झाली की मग पंखवाले होतात अन् शेजारच्या वावरात जातात.

लाल ढालकिडे अन् त्यांच्या काळ्या अळ्या दिसत असतील तर थांबा, ते मावाच खातात. धुऱ्याकडून सुरुवात असंल तर तेवढ्याच पट्ट्यात ५ टक्के निंबोळी अर्क मारा. ओंबीवर गच्च भरला तरच थायामेथोक्झाम २५ डब्ल्यूजी हे कीटकनाशक, १० लिटर पाण्याला १ ग्रॅम, बस. दुकानदार म्हणते म्हणून दोन-तीन औषधं मिक्स करू नका, २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं किती लोक गेले माहीतच आहे. मास्क लावा, वाऱ्याच्या उलट मारू नका.