बत्ती गेली की तुम्ही काय करायचात, तात्या?

‘काम सुटलं, आता माझा काय उपयोग?’ निवृत्त शिक्षक, एसटीचे वाहक, दुकान मुलाच्या हाती सोपवलेले वडील, सगळ्यांनी मला, समुपदेशक म्हणून, हे विचारलं आहे. आजही महिन्यातून दोन-तीनदा कुणीतरी विचारतंच, आणि दर वेळी मला २०२० सालचे तात्या आठवतात. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. ही हकिगत सांगायला त्यांनीच आनंदानं परवानगी दिली.)

तात्या तमाशातले सोंगाडे, म्हणजे मंडळींना हसवणारे नट. वय ६८, त्यातली पन्नासेक वर्षं फडाबरोबर गेलेली. दसऱ्याला गाव सोडायचं ते वैशाखातच परतायचं. चैत्र-वैशाखातल्या जत्रा म्हणजे फडाच्या कमाईचे दिवस. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन सुपारी देतात. २०२० साली पाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. तात्या पेटी घेऊन माणदेशातल्या आपल्या गावी परतले.

मे महिन्यात त्यांच्या पुतण्याच्या मुलीचा फोन आला. “आजोबा रात्रभर अंगणात बसून असतात आणि दिवसा झोपतात. कुणाशी बोलत नाहीत. डोक्यावर परिणाम झालाय का हो?”

पहिल्यांदा फोनवर आले तेव्हा ते मोजकंच बोलले. जीव नकोसा होतो का, हे मी थेट विचारलं. ते विचारायला घाबरू नये, विचारल्यानं कुणाच्या मनात ते शिरत नाही. “न्हाय ताई, तसलं काय न्हाय,” ते म्हणाले, “पर सकाळी उठायचं कशापाय, त्ये उमगत न्हाय.”

झोपेचा उलगडा लवकर झाला. ज्या माणसानं उभं आयुष्य रात्री उभं राहून काढलं, त्याचं शरीर रात्री एक वाजता जागं असणारच. त्याची वेळ झालेली असते. हे सांगितल्यावर घरच्यांची निम्मी काळजी उतरली. नात रात्री चहाचा थर्मास भरून ठेवू लागली.

फडमालकाकडून घेतलेल्या उचलीची काळजी मात्र खरी होती. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून ती मिटणार नव्हती. मी त्यांना मालकाशी मोकळेपणी बोलायला लावलं. पुढच्या हंगामात वळती करू, असं ठरलं. पैशाचा प्रश्न आणि ‘माझा उपयोग संपला’ हा विचार एकमेकांत गुंतू द्यायचे नाहीत, याबद्दल मी फार आग्रही असते. पहिल्याला तजवीज लागते. दुसऱ्याला उलटतपासणी.

ती उलटतपासणी तीन-चार आठवडे अडून राहिली होती. तात्यांचं एकच वाक्य होतं : “समोर मंडळी असली तरच सोंगाड्या. न्हाय तर नुसता म्हातारा.” मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर श्रद्धा असलेली समुपदेशक. माझं बोट त्या ‘तरच’वर जायचं. माणसाला मंडळी हवीत, हे रास्तच आहे. ती असली‘च’ पाहिजेत, नाहीतर मी कुणीच नाही, इथं दुखणं सुरू होतं. पण हे माझ्या भाषेत सांगून तात्यांना पटेना. ते ‘व्हय ताई’ म्हणायचे आणि गप्प व्हायचे.

मग एकदा मी माझी भाषा बाजूला ठेवली आणि त्यांच्या भाषेत विचारलं, “तात्या, रंगात आलेल्या वगात बत्ती गेली तर?”

आवाज एकदम बदलला. “मग सोंगाड्यानं म्होरं यायचं! मंडळी उठली की फड उठला. तोंड चालवत ऱ्हायचं.”

“किती वेळ?”

“बत्ती यीपतोर. कवा धा मिनिटं, कवा तासभर.”

“ती कधी येणार, हे ठाऊक असायचं?”

“त्ये जनरेटरवाला बघंल की. म्या कवा इचारलं बी न्हाय.”

मी काहीच बोलले नाही. पलीकडेही शांतता. मग ते हळूच म्हणाले, “पर ताई, तवा समोर मंडळी हुती.”

“अंधारात दिसत होती?”

बराच वेळ गेला. फोन कटला की काय, असं मला वाटलं. “न्हाय,” ते म्हणाले. “कायबी दिसायचं न्हाय. एखादं पोर हसायचं कुठंतरी. त्येवढ्यावर रेटायचं.” आणि मग : “म्हंजी आता बत्तीच गेलीया म्हना की.”

मी हे वाक्य त्यांच्या तोंडी घातलं नव्हतं. वीस वर्षांच्या कामात असे क्षण मी जपून ठेवले आहेत. उत्तर माणसाच्या धंद्यातच असतं. आपण फक्त तिथवर त्याच्याबरोबर चालत जायचं. म्हणून घरात कुणी असं खचलं असेल तर त्यांना छंद शोधून देऊ नका, सुविचार पाठवू नका. त्यांच्या कामात ऐन वेळी घोटाळा झाला की ते काय करायचे, ते विचारा. एसटी घाटात बंद पडल्यावर काय केलंत? पाऊस पडला आणि शाळेचं छत गळू लागलं तेव्हा? आणि मधे न बोलता ऐका.

जूनपासून रात्री जेवणं झाली की तात्या अंगणात उभे राहू लागले. आधी गण, मग गवळण, मग बतावणीचे विनोदी संवाद. नातीनं गवळणी वहीत उतरवून घ्यायला घेतल्या. तात्यांना लिहिता येत नाही. पुढे तिनं कॉन्फरन्स कॉल जोडून दिला. ढोलकीवाला एका गावी, मावशीचं काम करणारा दुसऱ्या गावी. आवाज मागेपुढे व्हायचा, ढोलकीचा तोडा उशिरा पोचायचा. तात्यांनी त्यावरच नवी बतावणी रचली. दुःख गेलं नव्हतंच. जत्रेच्या तिथीला ते गप्प असायचे, आणि ते तसंच असायला हवं होतं.

२०२१ साली पाडवा १३ एप्रिलला आला आणि त्याच संध्याकाळी राज्यात पुन्हा कडक निर्बंध जाहीर झाले. मी धास्तावून फोन हातात घेतला, तोवर त्यांचाच आला.

“ताई, बत्ती परत गेली बगा. घरातली पोरं सतरंजीवर बसल्याती. ठिवतो.”