1,80,000 डॉलरच्या तडजोडीवर सही करावी का?

आपल्या पत्रातील हकीकत थोडक्यात अशी. आपले पती अमेरिकेतील एका रेल्वे यार्डात डबे जोडण्या-सोडवण्याचे काम करीत होते. 14 महिन्यांपूर्वी डब्यावरून उतरताना हातातले हँडहोल्ड, म्हणजे डब्यावर चढता-उतरताना धरायचा दांडा, सैल निघाले, पती खाली पडले आणि पाठीला कायमची इजा झाली. कंपनीच्या क्लेम एजंटने 1,80,000 डॉलर एकरकमी देऊ केले असून त्याबदल्यात राजीनामा आणि पुढे कोणताही दावा न करण्याची लेखी हमी मागितली आहे. ही रक्कम घेऊन घराचे 1,60,000 डॉलरचे कर्ज फेडून टाकावे का, असे आपण विचारता. माझे स्पष्ट मत आहे की, या स्वरूपातील कागदावर सही करू नये.

डोक्यावरचे छप्पर आधी सुरक्षित करावे, ही आपली ओढ रास्त आहे. परंतु आपले कर्ज स्थिर 3 टक्के दराचे आहे, म्हणजे ते फेडल्याने वर्षाला वाचणारे व्याज जास्तीत जास्त 4,800 डॉलर भरेल. पतींचा पगार 68,000 डॉलर होता. देऊ केलेली रक्कम पावणेतीन वर्षांच्या पगाराइतकीही नाही आणि त्यांचे वय अवघे 46 आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मसुद्याच्या एका वाक्यात दडलेली आहे. संपूर्ण रक्कम वेदना व त्रासापोटी असून बुडालेल्या वेतनापोटी काहीही नाही, असे त्यात लिहिले आहे. त्यामुळे कर लागणार नाही, हे एजंटचे म्हणणे वरवर खरे आहे. शारीरिक इजेच्या भरपाईवर संघीय प्राप्तिकर नसतो. मात्र बुडालेल्या वेतनाच्या भागावर रेल्वे निवृत्तिवेतनासाठी कापला जाणारा कर लागतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बीएनएसएफ या रेल्वे कंपनीच्या खटल्यात 2019 साली ठरवले. त्या खटल्यात 30,000 डॉलरच्या वेतनभागावर कामगाराच्या वाट्याचा कर 3,765 डॉलर होता. हा कर वाचवण्याची किंमत काय, ते पाहा. पतींच्या खात्यावर 229 महिन्यांची सेवा जमा आहे. स्वतःचे नेहमीचे काम करता येत नाही, एवढ्या कारणावर रेलरोड रिटायरमेंट बोर्डाचे, म्हणजे रेल्वे कामगारांचे निवृत्तिवेतन सांभाळणाऱ्या संघीय संस्थेचे, अपंगत्व निवृत्तिवेतन साठीपूर्वी हवे असेल, तर 240 महिने लागतात. तडजोडीतील काही रक्कम अपघातानंतरच्या बिनपगारी महिन्यांचे वेतन म्हणून नीट नमूद केली, तर ते महिने सेवेत धरले जाऊ शकतात आणि उणे असलेले 11 महिने भरून निघू शकतात. आजच्या मसुद्यावर सही केली, तर ते दार बंद होईल. काही हजार डॉलरच्या करासाठी अनेक वर्षांचे मासिक उत्पन्न गमावणे मला कोणत्याही हिशेबात बसवता येत नाही.

आता दाव्याच्या ताकदीविषयी. रेल्वे कामगारांना राज्यांची कामगार भरपाई योजना लागू नसते. त्यांचा हक्क 1908 च्या फेडरल एम्प्लॉयर्स लायबिलिटी ॲक्टमधून, म्हणजे ‘फेला’तून येतो. त्यात कंपनीचा दोष दाखवावा लागतो, पण तो अंशतः कारणीभूत असला तरी पुरतो, आणि कामगाराची चूक असेल तर तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होते. पती घाईने उतरले, हा एजंटचा मुद्दा येथे येतो. मात्र हँडहोल्ड भक्कम असणे सुरक्षा कायद्यानेच बंधनकारक आहे आणि त्या कायद्याचा भंग अपघाताला कारण ठरला, तर कामगाराच्या चुकीपोटी काहीच कापले जात नाही. डबा त्या वेळी कायद्याच्या अर्थाने ‘वापरात’ होता का, हे वकिलाला प्रथम विचारा, आणि सहकाऱ्याच्या फोनमधले हँडहोल्डचे छायाचित्र आजच मागवून घ्या.

आपले दीर टगबोटीवर, म्हणजे मोठी जहाजे ओढणाऱ्या बोटीवर, असल्याने दोष कोणाचाही असला तरी उपचारखर्च मालकच देतो, हे त्यांचे सांगणे त्यांच्यापुरते बरोबर आहे. 1920 च्या जोन्स ॲक्टने फेलाचेच नियम खलाशांना लागू केले; पण दोष न पाहता निर्वाह व उपचार देण्याचे जहाजमालकाचे कर्तव्य जुन्या सागरी कायद्यातले आहे आणि ते रेल्वेला लागू नाही.

थांबण्यालाही किंमत आहे. निकालापूर्वीच्या काळाचे व्याज फेलात मिळत नाही, वकील साधारण एक तृतीयांश घेतात आणि बोर्डाने दिलेला आजारपणाचा भत्ता तडजोडीतून परत वळता होतो. म्हणून वकिलाशी बोलताना, आज हातात असलेल्या 1,80,000 डॉलरवर शुल्क न घेता त्यावरील वाढीव रकमेवरच घ्यावे, अशी अट मांडून पाहा. काहीजण ती मान्य करतात. दावा दाखल करण्याची मुदत अपघातापासून 3 वर्षे, म्हणजे आपल्या हाती 22 महिने आहेत. तोवर कर्जाचे नियमित हप्तेच भरा, आणि एजंटला काही कळवण्यापूर्वी सेवेच्या महिन्यांचा हिशेब बोर्डाकडून लेखी मागवा.