गाडी छोट्या फेऱ्यांसाठीच घेतली होती, मग वॉरंटी कशी नाकारता?

प्रश्न : मी देवबागला राहतो. पत्नी आणि मी मिळून घरीच होमस्टे चालवतो, पोट त्यावरच. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या शोरूममधून १४ लाखांची बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे निकष पाळणारी) डिझेल गाडी घेतली. मीच चालवतो. मालवण बाजार, तारकर्ली आणि अधूनमधून पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवरून आणणं. वर्षभरातच डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागू लागला. कंपनीच्या वर्कशॉपने दोनदा रिजनरेशन केलं, म्हणजे साठलेली काजळी जाळली, दोन्ही वेळा पैसे घेतले. चतुर्थीत परत दिवा लागला. घरात गडबड, म्हणून आठवडाभर गाडी तशीच चालवली आणि मग तिचा जोरच गेला. आता नवा फिल्टर टाकायला दीड लाखावर खर्च सांगतात. वॉरंटी शिल्लक आहे, तरी ‘तुमच्या फेऱ्या छोट्या, दोष तुमचा’ म्हणतात. मालवणातला एक गॅरेजवाला डीपीएफ काढून द्यायला तयार आहे. काय करू?

उत्तर : आधी गॅरेजवाल्याला नाही सांगा. फिल्टर काढून सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध केलेला बदल. कलम १८२अ(४) प्रमाणे त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. शिक्षा मालकाला, म्हणजे तुम्हाला होते. शिवाय उरलेली वॉरंटी जाईल आणि तुमचा सर्वांत मोठा पुरावा भंगारात जाईल. आणि जी बारीक काजळी हा फिल्टर अडवतो, ती तुमच्याच अंगणात, पाहुण्यांच्या आणि घरच्यांच्या श्वासात जाईल. दीड लाखाचा आकडा ऐकून मोह होतो हे मी समजू शकतो, पण हा रस्ता धरू नका.

आता मुद्द्याचं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांमध्ये हा फिल्टर सर्रास आला. तो काजळी साठवतो आणि ठरावीक साठा झाला की गाडी स्वतःच जादा डिझेल वापरून धुराचं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेते व काजळी जाळते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. देवबाग ते मालवण बाजार या फेरीत ते होत नाही. इंजिन तापतं न तापतं तोच गाडी बंद होते. वर्कशॉप एवढ्यापुरतं खरं बोलतंय.

पण मग माझा प्रश्न असा आहे : गाडी घेताना हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? गाडी कुठे, किती चालणार हे शोरूममध्ये विचारलं असेल, तुम्ही सांगितलंही असेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. माझ्या मते तुमच्या तक्रारीचा कणा हाच असावा. ‘सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलंय’ असं समोरून उत्तर येईल. ते पुस्तक पैसे भरल्यावर, गाडीच्या चावीबरोबर हातात येतं. घेण्याचा निर्णय त्याच्या आधी झालेला असतो, हे ठासून मांडा. तेव्हा विक्रेत्याशी झालेले व्हॉट्सअॅप मेसेज, कोटेशन, जाहिरातपत्रक, जे असेल ते शोधून ठेवा.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रातच दडलेली आहे. देवबागहून कुडाळ स्टेशन पस्तीस-चाळीस किलोमीटर. रस्ता वळणांचा आहे, तरी अशी फेरी नियमित होत असेल तर ‘गाडी कधी तापलीच नाही’ हे म्हणणं लंगडं पडतं. फिल्टर तुंबायला दाबाचा सेन्सर बिघडणं, डिझेल फवारणारा इंजेक्टर गळणं, धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह अडकणं अशीही कारणं असतात, आणि ते दोष वॉरंटीतले असू शकतात. पाहुण्यांच्या बुकिंगवरून कुडाळ फेऱ्यांच्या तारखा काढा. वर्कशॉपकडे दोन्ही जॉब कार्डांच्या (केलेल्या कामाच्या नोंदींच्या) प्रती आणि स्कॅनरचा अहवाल लेखी मागा : काजळीचं प्रमाण किती होतं, शेवटचं रिजनरेशन कधी पूर्ण झालं, किती वेळा अर्धवट राहिलं, सेन्सर-इंजेक्टर तपासले का. दोनदा पैसे घेऊन मूळ कारण शोधलंच नसेल तर ती स्वतंत्र त्रुटी आहे.

चतुर्थीतला आठवडा मात्र तुमची कमकुवत बाजू आहे. तो लपवू नका. तारखा गाडीच्या संगणकात असतात आणि प्रतिज्ञापत्रात खोटं पडलात तर खरी बाजूही कोणी ऐकणार नाही. ग्राहक आयोग भरपाई त्या प्रमाणात कमी करू शकतो, एवढी तयारी ठेवा.

तुम्ही ‘ग्राहक’ आहात का, हा आक्षेप येणारच, कारण गाडी धंद्यात वापरता. स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूत धरत नाहीत. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच, असं स्पष्ट केलं आहे. गाडी तुम्हीच चालवता, हे इथे कामाला येईल. मात्र नोंदणी खासगी आहे की प्रवासी वाहतुकीची, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी नोंदणीवर, पाहुण्यांकडून भाडं घेत असाल तर परवान्याचा प्रश्न उभा राहतो (मोटार वाहन कायदा, कलम ६६ आणि १९२अ), आणि समोरचा वकील तो पहिल्याच तारखेला काढेल. तक्रार दाखल करण्याआधी परिवहन कार्यालयात जाऊन हे सरळ करून घ्या.

गाडी कोल्हापूरला घेतली तरी तिकडे खेपा घालायची गरज नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते (ग्राहक संरक्षण कायदा, कलम ३४), म्हणजे सिंधुदुर्गनगरी, ओरोसला. १० ते २० लाखांच्या व्यवहाराला फी ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. विक्रेता, वर्कशॉप आणि उत्पादक तिघांनाही पक्षकार करा. टाटा मोटर्स विरुद्ध अँटोनियो पावलो वाझ या गोव्याच्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्याच्या चुकीसाठी उत्पादकाला आपोआप जबाबदार धरलं नाही. म्हणून कोणी काय केलं ते वेगवेगळं लिहा.

नवी गाडी मागू नका. सुटा भाग बदलून भागत असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या सुशील कुमार गबगोत्रा निकालावरून दिसतं. फिल्टर विनामूल्य बदलणं, दोन रिजनरेशनचे पैसे परत, गाडी उभी राहिल्याचं नुकसान आणि तक्रारीचा खर्च, एवढं मागा. ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘उत्पादन दायित्व’ (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी) या भागाचा आधार घेऊ नका. वस्तूचं स्वतःचं नुकसान तिथल्या हानीच्या व्याख्येतून वगळलेलं आहे.

याच आठवड्यात स्पीड पोस्टाने आणि ईमेलने तिघांना पत्र पाठवा. वॉरंटी नाकारण्याचं कारण, लागू केलेली अट आणि तिचं पान लेखी कळवा, असं मागा. पंधरा दिवसांची मुदत द्या. त्यातच लिहा की तपासणीशिवाय जुना फिल्टर काढू वा नष्ट करू नये. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग तो सरकारमान्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. दिवाळीच्या हंगामासाठी गाडी लगेच लागणारच असेल, तर ‘हक्क राखून, आक्षेपासह’ असं बिलावर लिहून पैसे भरा, काढलेला फिल्टर ताब्यात घ्या, त्याच्या क्रमांकाचे फोटो काढा आणि वर्कशॉपच्या माणसाची सही घेऊन सीलबंद ठेवा.